वेलीच्या टोकाची बाई

"औंदा मी लुगडं नेसत नाही, काका," घनश्याम म्हणाला आणि त्यानं हिरवं लुगडं खळ्याच्या कुंपणावर टाकलं.

टिपऱ्या थांबल्या. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, तोंडावर आली होती आणि म्हातारा देवाजी आंबागडच्या पोरांकडून दंडारीच्या नाचाची तालीम करून घेत होता.

"काहून रे?" त्यानं विचारलं.

"मंडई माह्या सासुरवाडीले हाये. सासरा पुढंच बसन. त्याच्यासमोर बाई होऊन नाचू काय?"

उन्हाळ्यात लग्न झाल्यापासून गडी नाकावर माशी बसू देत नव्हता. बरं, म्हणणं खोटंही नव्हतं. पण देवाजीनं यंदा नाचात एक नवा डाव बसवला होता. त्याला तो वेल म्हणायचा. समोरासमोरच्या दोन ओळी एकमेकींतून आरपार जायच्या, गुंतायच्या आणि पुन्हा सुटायच्या. एका ओळीच्या पुढच्या टोकाला बाई झालेला घनश्याम. बाकी सगळे धोतरातले. गुंत्यात हिरवं लुगडं दिसलं, की कुठून निघायचं ते मागच्यांना कळे.

"बिनलुगड्यानं करून पाहू," देवाजी म्हणाला. वेल गुंतली ती गुंतलीच. तेजरामची टिपरी चिंधूच्या बोटांवर बसली.

मग लुगडं बाबूलालला नेसवलं. मिशीवर पदर ओढून तो मोठ्या ऐटीत निघाला आणि पहिल्याच वळणावर निऱ्यांत पाय अडकून आडवा झाला. खळ्याच्या कडेला बसलेल्या बाया पोट धरून हसल्या. देवाजीला मात्र हसू येईना. ही वेल जमवण्यात त्याचा सगळा पावसाळा गेला होता.

"मंग वेल काढूनच टाकतो," तो म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा बायांतून घनश्यामची बायको तुळसा उठली. माणसांच्या तालमीत सुनेनं बोलायची रीत नव्हती, त्यामुळे ही आता काय करते म्हणून सगळेच पाहू लागले. तिनं पदर पुढं ओढला, बाबूलालनं सोडून फेकलेलं लुगडं उचललं आणि धूळ झटकली.

"मामाजी," ती देवाजीला म्हणाली, "माह्या बाबाले समदं मालूम हाये."

"काय मालूम हाये?" घनश्याम दचकला.

ती देवाजीशीच बोलत राहिली. "या गावची दोन पोरं मले सांगून आली होती. दोघंही तुमच्या दंडारीत नाचत होते. बाबानं मले तुमचा नाच पाहाले आनलं अन् इचारलं, कोन्ता? मी म्हनलं, हिरव्या लुगड्यातला."

घनश्यामनं तिच्या हातून लुगडं घेतलं. इतकी वर्षं तो ते नेसत आला होता, पण त्या संध्याकाळी निऱ्या त्याला काही केल्या जमेनात.