एकही गोळी चुकली नाही

कंपाउंडरने बायकोला ओट्याशी गाठलं आणि डाव्या हाताच्या चिमटीत तिचं नाक दाबून धरलं. तिचा श्वास कोंडेपर्यंत तो शांतपणे थांबला. तोंड उघडताच गोळी जिभेच्या मुळाशी गेली, जबडा मिटला गेला आणि त्याचा उजवा हात तिच्या गळ्यावरून खाली फिरू लागला.

"गिळ. गिळ गं माझी बाय."

तिने गिळली. मग त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली.

जनावरांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं गेली होती त्याची. लाथाळ म्हशी, अंगावर येणारे कुत्रे, कुणालाही त्याने गोळी थुंकू दिली नव्हती. मोठे डॉक्टरसुद्धा बाजूला सरकून म्हणायचे, "कंपाउंडर, हिला तुम्हीच आवरा." तेच कसब घरात कामी येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

अंगठ्याचं रक्त नळाखाली धुताना त्याला रडू आलं. दोन महिन्यांपूर्वी कॅन्सरच्या दवाखान्यात दोघं शेजारी शेजारी बसले होते. गाठ आहे, पण गोळ्यांनी आटोक्यात येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी दुसरं सांगितलं. विसरण्याचा आजारही सुरू झालाय. पेशंट म्हणेल, मला काही झालंच नाही. अंगावर धावून येईल. वाद घालायचा नाही, पण दोन महिने एकही गोळी चुकवायची नाही. बायको तिथेच ओक्साबोक्शी रडली होती. त्याने तिचा हात धरला आणि मनाशी ठरवलं, हिला मरू द्यायचं नाही.

डॉक्टरीणबाईंचं अक्षरन् अक्षर खरं ठरलं. "मला कुठे काय झालंय?" पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली. "ह्या गोळ्या माझ्या नाहीत."

"मग काय माझ्या आहेत?" तो हसला होता.

त्या दिवशी गोळी भरवतानाच्या झटापटीत तिचं कोपर त्याच्या डाव्या बगलेत बसलं. तिथे सूज आली ती आलीच. आता ती लिंबाएवढी टणक झाली होती. पण आजारी माणसाच्या माराचं गाऱ्हाणं कुणापाशी करायचं?

घरभर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, तिचं डोकं ठिकाणावर होतं तेव्हाच्या. 'गॅस बंद?' 'दुधाकडे लक्ष.' 'चष्मा खिडकीत.' बिचारीने किती धडपड केली, असं पुटपुटत त्याने खिडकीतला चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

दोनदा ती पळाली होती. जिन्यात जाऊन लोकांच्या दारांवर थापा मारत ओरडत होती, "मला विष घालतायत हो!" भर दुपारी सगळी कामावर, दार कोण उघडणार? दोन्ही वेळा त्याने तिला बखोटीला धरून फरफटत आत आणलं. तेव्हापासून दाराची किल्ली त्याच्या गळ्यात आणि तिचा फोन त्याच्या खिशात असायचा.

तो फोन वाजला. परगावची मुलगी होती.

"बाबा? गोळ्या वेळेवर चालल्यात ना?"

"एक चुकली नाही."

"आईला द्या ना जरा."

"पडलीय. दमलीय गं."

"दमणारच, मला कळत नाही का? तुम्ही कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला.

मुलगी हसली. "शनिवारी येतेच मी. आईला म्हणावं, धीर सोडू नकोस."

आत बायको भिंतीला टेकून बसली होती. तळहातांची साल निघत होती, उशीवर केसांचे पुंजके पडले होते, तोंड आतून सोललं होतं. पण त्याला त्याचंच समाधान वाटलं. गोळ्या लागू पडल्या की हे सगळं होणार, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी ती दाराआड दबा धरून बसली होती. तो आत येताच तिने भाजीची सुरी त्याच्या दंडात खुपसली. त्याने तिचं मनगट पिरगळलं. कडकन आवाज झाला, सुरी फरशीवर पडली, पाठोपाठ तीही पडली. त्याने छातीवर गुडघा रोवला. ती दात उघडेना, तेव्हा त्याने चमचा घालून जबडा उचकटला. पुढचा एक दात तुटला.

"अहो, मरेन मी," ती रक्ताच्या गुळण्यांतून म्हणाली. "खरंच मरेन हो."

"तू मरू नयेस म्हणूनच चाललंय ना हे!" तो ओरडला आणि त्याला हुंदका फुटला. "शेवटची आहे गं. ही एवढी घे."

गोळी आत गेली. त्याने जबडा मिटला, नाक दाबलं आणि गळ्यावरून हात फिरवत राहिला. तिच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. हळूहळू त्या थांबल्या. खात्री पटेपर्यंत त्याने हात काढला नाही.

आज ती चावली नाही. शहाणी झाली, असं त्याला वाटलं. त्याने तिची हनुवटी पुसली, डोक्याखाली उशी सरकवली, पांघरूण घातलं. हिला आता उठवून नेण्यात अर्थ नव्हता. निदान रिकामी पाकिटं तरी दाखवून येऊ, असा विचार करून त्याने दंडाला फडकं बांधलं, धुतलेला शर्ट चढवला आणि बाहेरून कुलूप लावलं.

"आज एकटेच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती झोपलीय. कितीतरी दिवसांनी शांत झोप लागलीय तिला."

त्याने पाकिटं टेबलावर एकाखाली एक मांडली. "मोजून घ्या. एकही चुकलेली नाही."

त्यांनी मोजली. त्यांचा चेहरा खुलला. "असं घर असलं की आमचं निम्मं काम होतं बघा," म्हणत त्या उठल्या आणि तपासणीच्या पलंगापुढचा पडदा त्यांनी बाजूला केला.

"चला आजोबा, शर्ट काढा आणि डावा हात वर करा. बघू, तुमची गाठ किती उतरलीय."