धाकटीसाठी स्कोप

"तुम्ही सांगाल तोच घेणार," धाकटी म्हणाली आणि दोन्ही स्कोप थोरल्या जावेपुढे सरकवून मोकळी झाली.

दुकानात गळ, तंबू, शिट्ट्या आणि छऱ्याच्या बंदुका मिळत. दुकानदाराला गळातलं सगळं कळत होतं, बंदुकीवरच्या दुर्बिणीतलं फक्त किमतीपुरतं. "दोन्ही एकाच भावाचे," तो म्हणाला. "याहून स्वस्त मागाल तर पुठ्ठ्याची नळी देईन. बघा निवांत, फक्त भिंगाला बोट लावू नका. गिऱ्हाईक देव खरा, पण देवाच्या बोटालाही तेल असतं."

एक स्कोप आखूड, काळा, दिसायला अगदीच गरीब. दुसरा लांबलचक, पुढचं भिंग वाटीएवढं. बटण दाबलं की आतली नेमाची फुली लाल उजळायची.

थोरलीने दोन्ही एकेकदा डोळ्याला लावले आणि तिला उत्तर कळलं. त्यांच्या नेमबाजीच्या क्लबात पत्र्याची पाखरं उभी करतात ती जवळच. आखूड स्कोपची कडी फिरवली की जवळचंही रेखीव दिसत होतं. मोठ्यातून रस्त्यापलीकडची पाटी झकास वाचता येत होती, पण दुकानातल्याच भिंतीवरचं घड्याळ म्हणजे नुसता पांढरा डाग. शिवाय त्यांच्यासारखी स्प्रिंगची बंदूक आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. आखूड स्कोप असल्या दुहेरी धक्क्यासाठीच केलेला होता, खोक्यावर तसं छापलंही होतं. मोठ्याच्या आतली भिंगं महिनाभरात हलली असती. मग नेम एकीकडे नि छर्रा दुसरीकडे.

धाकटीला क्लबात आणलं ते थोरलीनेच. श्वास कुठे रोखायचा, बोट कसं दाबायचं, तेही तिनेच शिकवलं. 'जावाजावा, उभा दावा' म्हणणाऱ्यांची तोंडं या दोघींनी बंद केली होती आणि थोरलीला त्याचा अभिमान होता. मग गेल्या स्पर्धेत धाकटीने स्कोपशिवाय, नळीवरच्या साध्या टोकाने नेम धरून एकूण एक पाखरू पाडलं. थोरलीची मात्र, स्कोप असूनही, निम्मी उभीच राहिली. ती वाऱ्याला बोल लावत बसली. घरी सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोरलीला म्हणाल्या, "गुरूची विद्या गुरूलाच फळली गं!" सगळे हसले. थोरलीही हसली.

तेव्हापासून ती जळत होती. नुसत्या डोळ्यांनी ही पोर अशी मारते, हिच्या बंदुकीवर धड स्कोप चढला तर आपल्याला कोण विचारणार? पाण्याचे पेले भरायला ठेवतील.

"मोठा घे," ती म्हणाली.

"नक्की ना? मला उगाच वाटत होतं, एवढा भपका म्हणजे..."

"मला विचारलंस ना? मग. भिंग मोठं तेवढा उजेड जास्त. फुली ठळक दिसते. या पैशात याहून चांगला मिळायचा नाही." उजेडाचं नि फुलीचं खरं होतं, त्यामुळे शेवटचं वाक्य सहज निघून गेलं.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं!" धाकटी खुलली. खांद्यावरची लांब पिशवी तिने काउंटरवर ठेवली. "लगेच बसवूनच द्या हो."

चेन उघडली तसा आतून बंदुकीचा दस्ता बाहेर आला. त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. लाकडाला चीर गेली तेव्हा थोरलीनेच ती गुंडाळली होती.

"अगं, ही माझी बंदूक. पिशव्या बदलल्या वाटतं."

"नाही ताई, मुद्दाम तुमचीच आणलीय." धाकटीला हसू आवरेना. "त्या दिवशी तुमचा हात नव्हता चुकला. मी मागेच उभी होते. वारा कसला, पान हलत नव्हतं. तुमच्या स्कोपमध्येच काहीतरी हललंय. पण तुमच्यासाठी घेऊ म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात का? म्हणून माझं नाव पुढे केलं. बक्षिसाचे पैसे आले, तेवढ्यात बसेल असा घेऊ म्हटलं. मला काय, माझं ते साधं टोक बरं आहे."

नेम एकीकडे नि छर्रा दुसरीकडे. थोरलीला स्वतःच्या बाबतीत हे सुचलंच नव्हतं.

दुकानदाराने जुना स्कोप उतरवलासुद्धा. तो मोठ्याला बंदुकीवर बसवायच्या कड्या चढवू लागला. गप्प बसलं तर आपलीच पाखरं पुन्हा उभी राहणार, आणि बोललं तर सगळंच उघडं पडणार.

"थांबा," ती म्हणाली. "तो नको. आखूड बसवा."

"का हो ताई?"

"मोठ्यातून जवळचं दिसत नाही. आणि आपल्या बंदुकीच्या धक्क्याने तो महिनाभरात हलेल."

धाकटीचा हात चेनीवरच राहिला. "हे आत्ताच लक्षात आलं?"

हो म्हणता आलं असतं. थोरलीने आखूड स्कोपचं खोकं उचललं, उगाच उलटसुलट केलं आणि परत ठेवलं.

"आखूडच बसवा," धाकटी दुकानदाराला म्हणाली. "यांच्याच बंदुकीवर."

स्क्रू आवळले जात होते. धाकटीने मोठा स्कोप उचलून डोळ्याला लावला. रस्त्याकडे नाही, वळून थोरलीकडे. दोघींमध्ये हातभरही अंतर नव्हतं.

"खरं आहे ताई," ती म्हणाली. "जवळचं माणूस यातून ओळखूच येत नाही."