न दिलेलं वचन

नागलक्ष्मीअक्कांशी आणखी एकदा मनमोकळं बोलणं झालं, की नर्सिंगच्या परीक्षेत केस स्टडीचे पूर्ण गुण विनुताचेच होते. तंजावूरच्या त्या मानसोपचार वॉर्डात पेशंट असलेल्या अक्का फक्त तिच्याशीच दोघींच्या घरच्या मराठीत गप्पा मारत; बाकी सगळ्यांशी तुटक तमिळ. सोमवारी त्या हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगणार नाही म्हण, मग दाखवते." असं वचन पेशंटला कधीही द्यायचं नाही, हे विनुता पाठ करून आली होती. "जिवाचं काही असलं, तर सांगावंच लागेल, अक्का." "नर्स होतेस की पोलीस, गं?" अक्का हसल्या आणि तरीही त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठीत न गिळता साठवलेल्या गोळ्या होत्या. विनुतानं त्यांच्यासमोरच वॉर्डच्या सिस्टरांना हाक मारली. अक्का वाचल्या, शाबासकी सिस्टरांनी घेतली. मंगळवारी विनुतानं विचारलं, "जेवलात का, अक्का?" अक्कांनी तमिळमध्ये उत्तर दिलं, "जेवले, सिस्टर."