'क्लिअर' म्हणजे

मॅनेजरने बटण दाबलं आणि दुभाषीबाईंनी तो आवाज पाचव्यांदा ऐकला. आधी खरखर. मग ऑपरेटर विचारतो, "साहेब, स्टार्ट?" दोनेक सेकंद काहीच नाही. मग इंजिनिअरसाहेबांचा एकच शब्द, "क्लिअर." त्यापुढे मशीनची घरघर सुरू व्हायची, तेवढ्यात मॅनेजर घाईने टेप बंद करायचा.

त्या घरघरीत मागच्या आठवड्यात एक फिटर गेला होता. रंग ढवळायच्या टाकीत उतरून तो पातं बदलत होता. ऑपरेटर बसतो वरच्या केबिनमध्ये, तिथून टाकी दिसत नाही. टाकीपाशी उभं राहून वॉकीटॉकीवर सांगायचं काम साहेबांचं. साहेबांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि ऑपरेटरला इंग्रजीतले जेमतेम दहा-बारा शब्द येत होते. आता ऑपरेटर कोठडीत होता. चौकशी समितीने बाईंना एवढंच सांगितलं होतं, की साहेब जे बोलले ते आपल्या भाषेत लिहून द्या.

"साहेब म्हणतात, ते जवळच्या माणसांना सांगत होते," मॅनेजर म्हणाला. "बाजूला व्हा म्हणून. असाही अर्थ होतो ना, बाई?"

"होतो."

"मग झालं तर."

त्याने टेबलावरचा शब्दकोश बाईंकडे सरकवला. नवा कोरा होता, मागे किमतीची चिठ्ठी तशीच होती. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. बाईंना तो वाचायची गरज नव्हती. तीस वर्षं शाळेत त्यांनी हा शब्द फळ्यावर लिहिला होता. पाणी असेल तर नितळ, आकाश असेल तर निरभ्र, अक्षर सुवाच्य, रस्ता मोकळा, माणूस निर्दोष. एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कशाला, असं एका मुलीने वैतागून विचारलं होतं. तेव्हा बाई हसल्या होत्या.

"तीस-बत्तीस अर्थ आहेत इथे," मॅनेजर म्हणाला. "खोटं लिहा असं कुठे म्हणतोय आम्ही? त्यातलाच एक लिहा."

"त्याच्या आधी प्रश्न आहे. चालू करू का, असं त्याने विचारलं. हे त्याचं उत्तर आहे. मोकळं आहे, कर."

"समितीने प्रश्नाचं विचारलेलं नाही. शब्दाचं विचारलंय."

बाईंनी शब्दकोश बाजूला सारला. सकाळी त्या आत येत होत्या तेव्हा गेटजवळच्या बाकावर ऑपरेटरची बायको बसलेली होती. बाईंना बघून ती उठून उभी राहिली. बाई आत शिरेपर्यंत तशीच उभी होती.

बाईंनी कागद पुढे ओढला. 'मोकळं आहे' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली.

मॅनेजरने कागद वाचला. तो चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो चिडला नाही.

"सुंदर अक्षर आहे तुमचं," तो म्हणाला. "तुमचे जावई आमच्याकडेच ना? मेन्टेनन्सला?"

"हो."

"लेकीला सातवा लागला म्हणे."

बाईंनी मान हलवली. आपल्या लेकीचे महिने या माणसाने कधी मोजले, ते त्यांना कळेना.

"फिटरची जागा रिकामी झाली. पातंही अर्धवटच राहिलंय. काल पंचनामा आटोपला, आता काम किती दिवस अडवून ठेवायचं?" बोलता बोलता त्याने फोन उचलला. "हं. पाठवा त्यांना." फोन ठेवून तो उठला आणि त्याने खिडकीचा पडदा सरकवला. "या ना बाई. इथून सगळं दिसतं."

बाई उठल्या. खाली शेडमध्ये टाकीचं झाकण उघडलेलं होतं. शेजारी इंजिनिअरसाहेब उभे होते. त्यांच्या एका हातात वॉकीटॉकी होता, दुसऱ्या हातातल्या कागदांवर त्यांची नजर होती. जावई मनगटावरचं घड्याळ काढून एका सोबत्याच्या हातात देत होते.

"वर केबिनमध्ये कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"नवीन आहे. कालच लागला," मॅनेजर म्हणाला. "शिकेल हळूहळू."

त्याने एक कोरा कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कागदावर पेन ठेवलं, टोपण काढून.

"घाई नाही, बाई. पण फार वेळही नाही."

बाईंनी खिडकीची कडी शोधली. कडी नव्हती, काच चौकटीत पक्की बसवलेली होती. त्यांनी काचेवर थाप मारली, पुन्हा मारली. मग हात उंच करून पंजा काचेवर दाबून धरला. थांबा.

जावयांनी वर पाहिलं. आधी त्यांना ओळख पटली नाही. मग त्यांचा चेहरा उजळला. सासूबाई त्यांच्या कारखान्यात पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनीही हात उंच केला, सोबत्याला कोपराने ढोसून वर दाखवलं आणि हसत हसत टाकीतल्या शिडीवर पाय ठेवला.