पाण्यावर उजेड

सासऱ्यांच्या शर्टाचं तिसरं बटण बुडालं. सुनेने बॅटरी जवळ नेऊन खात्री केली. खालून तिसरं. वर तीन उरली होती. दहा मिनिटांना एक बटण या वेगाने पाणी अर्ध्या तासात गळ्याला लागणार होतं.

"किती राहिलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे अजून वेळ."

"खोटं बोलू नकोस पोरी. लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतेस, तिथेही असेच रिपोर्ट देतेस का?"

त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत खडकाच्या फटीत गेला होता आणि वरून एक धोंडा घसरून फटीत घट्ट बसला होता. धड उभं राहता येत नव्हतं, धड बसता येत नव्हतं. सुनेने सगळा जीव एकवटून लोटला की धोंडा बोटभर हलायचा, हात सैल पडले की परत जागेवर. आणखी दोन माणसं असती तर निघालाच असता.

माणसं होतीही. दोनशे पावलांवर, किनाऱ्याच्या वाळूवर सहा-सात जण गळ टाकून बसले होते. पण मध्ये भरतीचं पाणी शिरलं होतं. येताना ते घोट्याएवढं होतं, आता छातीएवढं झालं होतं आणि त्याला ओढ होती. सुनेला पोहता येत नव्हतं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. वाळूवरच्यांचं हसणंसुद्धा इथे ऐकू येत होतं, हिच्या किंकाळ्या मात्र वारा मागच्या मागे समुद्रात नेऊन टाकत होता. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

सासरे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. रात्रीच्या मासेमारीत त्यांची तीस वर्षं गेली होती आणि नियम म्हणजे नियम. एकट्याने जायचं नाही, म्हणून आज मुलगा गावाला गेल्यावर त्यांनी सुनेला सोबत घेतलं होतं. खाऱ्या पाण्याने मोबाईल खराब होतो, म्हणून दोघांचे मोबाईल किनाऱ्यावर स्कूटरच्या डिकीत होते. आणि पाण्यावर उजेड मारायचा नाही, मासा बिचकतो. हा नियम वाळूवरच्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवला होता. काहींना प्रेमाने, काहींना कान पिळून.

पाव तास ती बॅटरी डोक्यावर धरून नाचवत होती. कोणी मान वळवली नाही. नवशिके रोजच बॅटऱ्या नाचवतात. वाळूवरच्यांचे डोळे आपापल्या काठीच्या शेंड्याला चिकटलेले.

एक लाट जोरात आली. तिचा तोल गेला आणि बॅटरीचा झोत सरळ त्या लोकांपुढच्या पाण्यावर पडला. त्याच क्षणी वाऱ्यावर आवाज आला.

"ए शहाण्या! पाण्यावरून काढ तो उजेड!"

"काढ, काढ," सासरे पटकन म्हणाले. "तिथे त्यांचे गळ आहेत."

आणि तिने खरंच बॅटरी बंद केली.

काळोखात तिला स्वतःच्या दातांची थडथड ऐकू आली. मग लक्षात आलं, पाव तासात पहिल्यांदाच कोणीतरी इकडे बघितलं होतं.

तिने बॅटरी लावली आणि झोत नेमका त्या पाण्यावर टाकला.

"अगं, काय करतेस? वेड लागलं का?"

"बाबा, मदतीला कोणी येत नाहीये. मारायला तरी येतील."

चौथं बटण बुडालं. वाळूवरून परत आवाज आला.

"ऐकू येत नाही का रे? बहिरा आहेस की मुद्दाम करतोयस?"

"मुद्दाम," ती पुटपुटली.

"थोबाड फोडीन हां!"

"फोड. पण ये."

पण कोणी उठलं नाही. दुसरा एक आवाज हसत म्हणाला, "जाऊ दे रे, नवा दिसतोय. सेल संपले की बसेल गप."

सेल खरंच संपत आले होते. झोत पिवळा पडायला लागला होता. तिने एका हाताने सासऱ्यांचा दंड धरला. दंड बर्फासारखा गार होता. पाचवं बटण गेलं. आता लाट आली की ते हनुवटी वर करत, आणि लाट ओसरेपर्यंत दोघंही श्वास रोखून धरत.

"तू वरच्या खडकावर जा," ते म्हणाले. "तिथवर भरती येत नाही. पहाटेपर्यंत बसून राहा. त्याला सांग, चूक माझीच..."

"तुमच्या मुलाला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मला मध्ये घेऊ नका."

पुढची लाट त्यांच्या तोंडावर आली. ते खोकले, थुंकले आणि मग एकदम वेगळ्याच आवाजात बोलले, कारखान्यात हाताखालच्या माणसाला सांगावं तसे.

"डावीकडे घे."

"काय?"

"झोत डावीकडे घे. अजून. हां, तिथे. त्या टोकाला वाळूवरचा सगळ्यात तापट माणूस बसतो. मागे एकाची बॅटरी त्याने हिसकावून समुद्रात भिरकावली होती. आणि हलवू नकोस. हलवलीस तर त्याला चुकून झालं असं वाटेल. एका जागी धर. त्याच्याच दोरीवर."

तिने दोन्ही हातांनी बॅटरी धरली. सासऱ्यांनी पाण्यातून हात काढला आणि तिचं मनगट खालून घट्ट पेललं. झोत त्या एका जागी खिळ्यासारखा बसला.

आधी काहीच झालं नाही.

मग डाव्या टोकाला एक दिवा वाळूवरून उठला. त्याच्यामागून आणखी दोन. धपकन पाण्यात उड्या पडल्या, आणि सासऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या शिव्या जवळ जवळ येऊ लागल्या.