पाडव्याची पाळी

"साहेब, पाडव्याला पुन्हा माझीच पाळी?" दूध संघाच्या भिंतीवर लागलेल्या दिवाळीच्या तक्त्यावर बोट ठेवून रंगनाथने विचारलं.

शिंत्रेसाहेब हसले. "अरे, बाकीच्यांना त्यांच्या बायका ओवाळणार. तुझ्या घरी आता कोण आहे?"

बायको जाऊन पाच महिने झाले होते. एका खाजगी डेअरीचं नेमणूकपत्र पंधरा दिवस त्याच्या खिशात होतं. पगार चांगला होता, पण संघाची कायमची नोकरी सोडायला मन धजत नव्हतं. आज तो त्यांना नकार कळवणार होता.

"मी गावातलाच, म्हणून बावीस पाडवे मला इथंच काढायला लावलेत. तिनं ओवाळायचं ते पाळी सुटल्यावर. तोवर ती उपाशी बसायची. तेव्हा घरी कोण आहे, हे एकदाही विचारलं नाहीत. आता बरं सुचलं!"

"एवढं लागलं तुला? बरं बाबा, दुसऱ्या कुणाला लावतो."

"नको. खाजगी डेअरीनं बोलावलंय, तिकडं जातो. राजीनामा लिहायला कागद द्या."

"वेडा झालास का? आठ वर्षं राहिलीत निवृत्तीला. ते खाजगीवाले उद्या हाकलतील."

"हाकलू देत."

साहेब तक्त्यावरचं नाव खोडायला उठले. रंगनाथने तोवर उभ्या-उभ्याच राजीनामा लिहून काढला. सही करण्याआधी त्याने फक्त समोरचं कॅलेंडर पाहिलं. नोटीस तीस दिवसांची होती आणि पाडव्याला अजून बत्तीस दिवस होते.