आप्पांची माफी

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात कॉपी प्रकरणाची चौकशी अजून सुरूही झाली नव्हती, तोच दिशाच्या आप्पांनी कमिटीपुढे हात जोडले.

"लेकराचं चुकलं साहेब. पदरात घ्या."

पालकांना सोबत आणा, असं नोटिशीत होतं, म्हणून मेथीच्या जुड्या शेजारणीवर सोपवून आप्पा पंचवटीच्या बाजारातून थेट इथे आले होते. मोठ्या माणसापुढे गेलं की आप्पा आधी माफी मागतात, मग काम सांगतात. तलाठ्यापुढेही तेच आणि डॉक्टरपुढेही तेच. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी आज त्यांना बजावायचं राहून गेलं. तिला स्वतःचाच संताप आला.

"सर, मी माझी पुरवणी कोणाला दिली नाही," ती उठून म्हणाली. "मागच्या मुलीने ओढून घेतली. हॉलमध्ये कॅमेरा आहे. फुटेज बघा ना."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "वडील माफी मागतायत आणि तू फुटेज मागतेस?"

"पेपर त्यांनी नाही, मी लिहिला सर."

अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या मॅडम हसल्या. कोपऱ्यात क्लार्क टाइप करतच होता. काय लिहितोय ते दिशाला दिसेना. ती बसली, पुन्हा उठली. इथे तिचं अख्खं वर्ष जायची वेळ आली होती आणि हे लोक घड्याळ बघत होते, जेवणाची सुट्टी कधी होते म्हणून.

आप्पांनी तिची ओढणी धरून खाली ओढली. "बस ना बाई. हात जोड. चांगली माणसं हायेत, सोडून देतील."

"सर, यांना एकदा विचारा तरी!" दिशाचा आवाज फाटला. "माझं काय चुकलं, ते यांनाच विचारा."

अध्यक्षांनी कंटाळून मान वळवली. "सांगा काका. काय केलं मुलीने?"

आप्पा गडबडले. त्यांनी दिशाकडे पाहिलं, मग टेबलापलीकडच्या खुर्च्यांकडे. जोडलेले हात तसेच होते.

"ते मला काय माहीत साहेब? पण तुमी एवढी मोठी माणसं बसलीत, म्हंजे काहीतरी असंलच."

अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि क्लार्ककडे पाहिलं.

"घ्या लिहून. पालकांनीही दुजोरा दिला."